सुटलेली मेहनत: शिरूर-दौंडकडील व्यायामाच्या पुनरारंभाचा प्रश्न

व्यायाम कसा सुरू करावा याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि तो कधी सोडू नये हा उपदेश तर प्रत्येक वस्तादाच्या तोंडी ठरलेलाच असतो. परंतु संसार, नोकरी, दुखणे किंवा निव्वळ आळस यांपैकी कोणत्याही कारणाने एकदा सुटलेली मेहनत पाच-दहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा कशी धरावी, या प्रश्नाची तड लावण्याच्या खटपटीत फारसे कोणी पडलेले दिसत नाही. परतून आलेल्या माणसाला एक तर नवशिक्यांच्या रांगेत उभे केले जाते, नाही तर तो आपण होऊन जुन्या वजनापाशी जाऊन उभा राहतो. आणि या दोन्ही गोष्टी सारख्याच अहितकारक आहेत. तो नवशिका नव्हे, कारण त्याच्या देहाने पूर्वी काही कमावलेले आहे. आणि तो पूर्वीचा गडीही नव्हे, कारण त्या कमाईचा काही भाग शाबूत असून काही भाग निकालात निघालेला आहे. कोणता भाग शिल्लक आहे आणि कोणता गेला याची मोजदाद करणे, हाच प्रस्तुत आढाव्याचा विषय होय.

या मोजदादीसाठी पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे शिरूर आणि दौंड हे दोन तालुके विशेष सोयीचे वाटतात. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठच्या या मुलखाचा शरीरबळाशी संबंध जुना आहे. शिरूर ऊर्फ घोडनदी येथे इंग्रजांची लष्करी छावणी होती, आणि १८१७ सालच्या अखेरच्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी कोरेगावच्या वाटेला लागली ती याच छावणीतून. पुढे दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन झाले. तेथे राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ वसले, आणि जवळच नानवीजला त्याच दलाचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. न्हावरे आणि पाटस येथे सहकारी साखर कारखाने निघाले, रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झाल्या, आणि कालव्याच्या पाण्यावर पिकलेल्या उसामुळे दौंड तालुक्यात गुऱ्हाळे धडधडू लागली. एवढी स्थित्यंतरे होऊनही गावची तालीम आणि जत्रेतील कुस्त्यांचा हगामा हा जुना थर या सर्वांखाली कायम राहिला. परिणाम असा, की विशीत जोर-बैठका काढलेला आणि तिशीत त्या सोडून बसलेला पुरुष येथे शोधावा लागत नाही.

परतणाऱ्यांत पहिला मान अर्थातच पैलवानाचा. पहाटे उठून खोऱ्याने हौद उकरावा, तेल, ताक, हळद आणि लिंबू पिऊन मऊ झालेली तांबडी माती सारखी करावी, मारुतीला हात जोडून जोर काढावेत, बैठका माराव्यात, मुद्गल आणि करेल फिरवून खांदे तापवावेत, मग वस्ताद नेमून देईल त्या जोडीदाराशी लढत करावी, आणि संध्याकाळी हाच क्रम पुन्हा चालवावा, असे हे जीवन. त्याला पुरेल असा खुराकही मग आलाच: दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. पुढे कोठे गुडघा जातो, कोठे लग्न होते, कोठे कारखान्यात पाळीची नोकरी लागते, आणि मेहनत सुटते. खुराक मात्र सुटत नाही. अंग सुटण्याची ही सुरुवात असते, आणि तिचा शेवट पुष्कळदा डॉक्टरच्या दवाखान्यात साखरेच्या तपासणीने होतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक, म्हणजे प्रौढांत ११.४ टक्के, असल्याचे दिसून आले. जेवणानंतर रक्तात येणारी साखर साठवून ठेवण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे आपले स्नायू. ते आक्रसले की साखरेला जागा उरत नाही. म्हणून माजी पैलवानाने पुन्हा मेहनत धरणे हा हौसेचा विषय नसून प्रकृतीच्या बंदोबस्ताचा आहे.

दुसरा वर्ग गणवेशातला. कुस्तीतून पोलिसात हा महाराष्ट्रातील रुळलेला मार्ग आहे. १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हेही १९५५ साली पोलीस खात्यातच दाखल झाले. राखीव दलाच्या भरतीसाठी पाच किलोमीटर आणि शंभर मीटर धावणे आणि ७.२६० किलोचा गोळा फेकणे, अशी शारीरिक चाचणी असते, आणि तिच्या तयारीसाठी पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुले या दोन्ही तालुक्यांत नित्य दिसतात. परंतु भरती झाल्यानंतर निवडणुका, उत्सव, दंगली यांच्या बंदोबस्तासाठी कंपन्या दूरदूर पाठविल्या जातात. जेवणाची वेळ नाही, झोपेचा भरवसा नाही, मग व्यायामाची काय कथा! या शिपायाचा खंड एकदाच पडून संपणारा नसतो. तो वर्षातून अनेकदा पडतो, आणि प्रत्येक वेळी त्याला नव्याने आरंभ करावा लागतो.

तिसरा वर्ग रांजणगाव-कुरकुंभच्या पाळीवाल्यांचा आणि रेल्वेच्या कर्मचाऱ्यांचा. रात्रपाळी हा त्यांच्या व्यायामाचा मुख्य वैरी. चौथा वर्ग स्त्रियांचा. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे महिलांसाठी महाराष्ट्र केसरीची स्पर्धा प्रथम भरली आणि प्रतीक्षा बागडी ही पहिली मानकरी ठरली. त्यानंतर खेड्यापाड्यांतील मुलींना आखाड्याचे दार अधिक उघडले असले, तरी लग्न आणि बाळंतपण यांनी पडणारा खंड भरून काढण्याची तजवीज अद्याप कोणत्याही गावाने रीतसर केलेली आढळत नाही. आणि या सर्व वर्गांना एकाच वेळी सक्तीने खंड पाडावयास लावणारा प्रसंगही आपण अनुभवला. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, व्यायामशाळा बंद झाल्या, चैत्रातील जत्रा आणि त्यांबरोबर हगामे तहकूब झाले. राज्यात व्यायामशाळा पुन्हा उघडण्याची मुभा मिळाली ती त्या वर्षीच्या दसऱ्याला, २५ ऑक्टोबर रोजी, आणि पुढल्या एप्रिलात दुसऱ्या लाटेने ती पुन्हा काढून घेतली. खंडानंतर परतणे म्हणजे काय, हे त्या दीड वर्षात घराघरांत कळले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शरीर विसरते की लक्षात ठेवते? याचे एकच उत्तर देता येत नाही, कारण देहातील सर्व घटकांची स्मरणशक्ती सारखी नाही. ही विषमता ज्याने ओळखली त्याला पुनरारंभाचे निम्मे शास्त्र समजले, असे म्हणावयास हरकत नाही.

सर्वांत चांगली स्मृती मज्जातंतूंची. आरंभीच्या काही आठवड्यांत वाढणारी ताकद ही स्नायूंच्या जाडीपेक्षा त्यांना मिळणाऱ्या आज्ञेच्या सफाईमुळे वाढते, हे मोरितानी आणि डीव्हरीज यांनी १९७९ साली दाखवून दिले होते. आणि एकदा अंगी मुरलेली ही सफाई सहसा जात नाही. दहा वर्षांनी बैठक मारणाऱ्या पैलवानाचे गुडघे कुरकुरतील, दम लागेल, पण पाठ कोठे ठेवावी आणि टाच कशी टेकवावी हे त्याला सांगावे लागत नाही.

स्नायूंची स्मृतीही आश्चर्य वाटावे इतकी टिकाऊ आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगात स्त्रियांनी वीस आठवडे वजने उचलली, नंतर तीस-बत्तीस आठवडे पूर्ण विश्रांती घेतली, आणि मग केवळ सहा आठवड्यांच्या मेहनतीत गमावलेले बहुतेक सारे परत मिळविले. याचे कारण शोधताना ऑस्लो येथील संशोधकांनी २०१० साली उंदरांच्या स्नायूंत असे पाहिले, की मेहनतीने स्नायूतंतूंत जी नवी केंद्रके येतात, ती स्नायू आक्रसल्यावरही नाहीशी होत नाहीत; माणसाच्या बाबतीत ही गोष्ट जशीच्या तशी खरी धरावी की काय, याविषयी विद्वानांत अजून वाद आहे. इंग्लंडमधील कील विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासाने जनुकांवरील रासायनिक खुणांतही पूर्वीच्या मेहनतीचा माग दिसतो असे सुचविले. फिनलंडमधील युवास्किला विद्यापीठाचा २०२४ सालचा प्रयोग तर सामान्य माणसाला अधिक धीर देणारा आहे: वीस आठवडे सलग व्यायाम करणारे आणि दहा आठवड्यांनंतर मध्ये दहा आठवड्यांची सुटी घेऊन पुन्हा दहा आठवडे करणारे, हे दोन्ही गट अखेरीस जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचले. वयाची सबबही येथे फारशी चालत नाही. बोस्टन येथे १९९० साली नव्वदीतल्या वृद्धांनी आठ आठवडे मांड्यांचा व्यायाम केला, तेव्हा त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अर्थात चार आठवडे सोडल्याबरोबर ती ३२ टक्क्यांनी उतरली, हेही त्याच अहवालात नमूद आहे.

येथवर सारे सुखावह आहे. अडचण येते ती कंडरांपाशी. स्नायूंना हाडाशी जखडणाऱ्या या दोरांना रक्ताचा पुरवठा तोकडा आणि त्यांची झीज-भर अतिशय मंद. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांनी हवेत वाढलेल्या किरणोत्सर्गी कार्बनचा माग घेऊन डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली असे अनुमान काढले, की टाचेच्या कंडरेचा गाभा साधारणतः सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे आयुष्यभर जवळजवळ तसाच राहतो. कंडरा मेहनतीने पुन्हा ताठ आणि चिवट होतात हे खरे, पण त्याला आठवडे पुरत नाहीत, महिने लागतात. म्हणजे परतणाऱ्याचा स्नायू सहा आठवड्यांत जुन्या वजनाला हात घालू पाहतो, आणि ते वजन ज्या दोरांनी तोलावयाचे ते अद्याप अर्ध्या वाटेवर असतात. पुनरारंभातील खरा धोक्याचा काळ पहिला आठवडा नव्हे, कारण त्या वेळी अंग दुखून माणसाला आपोआप सावध करते. धोक्याचा काळ दुसरा आणि तिसरा महिना होय, जेव्हा काही दुखत नाही, आरशात फरक दिसू लागतो, आणि खांदा किंवा कोपर अचानक दगा देतो.

हृदय आणि रक्तवाहिन्या यांची स्मृती त्याहूनही कमी. १९८५ साली पायांनी वजन रेटणाऱ्या कसलेल्या व्यायामपटूंचा रक्तदाब धमनीत नळी घालून मोजला गेला, तेव्हा श्रमाच्या कळसाला तो सरासरी ३२०/२५० इतका भरला. तरुण कसलेल्या देहाला जे क्षणभर सोसते ते चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखूची सवय जडलेल्या आणि रक्तदाब कधी न तपासलेल्या देहाला सोसेलच असे नाही. म्हणून श्वास कोंडून वजन रेटण्याची जुनी खोड परतताना प्रथम टाकावी, आणि आरंभीच एकवार डॉक्टरकडून रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावे. याशिवाय एक संकट आपल्याकडील बैठकांच्या परंपरेमुळे विशेष संभवते. पूर्वी पाचशे बैठका मारणारा गडी पहिल्याच दिवशी ईर्षेने तो आकडा गाठतो, आणि दोन दिवसांनी मांड्या सुजून लघवी काळ्या चहासारखी होते. फुटलेल्या स्नायूंतील द्रव्य मूत्रपिंडांत अडकल्याचे हे लक्षण असून, तेथे घरगुती मालिश उपयोगी नाही, तातडीने रुग्णालयच गाठले पाहिजे. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीपलीकडे जातो अशा या मुलखात, पत्र्याच्या छपराखालील जिममध्ये भर उन्हाच्या वेळी परतीचा मुहूर्त धरणे हे त्या संकटाला आमंत्रण होय.

आणि सर्वांत खोडकर स्मृती मनाची. देह काय विसरला हे त्याला ठाऊक नसते, पण जुना आकडा मात्र पाठ असतो: अमुक किलोची बेंच प्रेस, तमुक जत्रेतील शेवटची कुस्ती, इनामाची रक्कम. शेजारच्या तरुणाने बारवर दोन प्लेट चढविल्या की याचाही हात नकळत प्लेटकडे जातो. पुनरारंभ फसतो तो बहुधा या ठिकाणी, दुर्बलतेने नव्हे.

मग रीत कोणती? येथे एक ऐतिहासिक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वजन क्रमाक्रमाने वाढवीत नेण्याची जी पद्धत आज जगभर चालते, तिला शास्त्रीय रूप आले ते १९४५ साली, शिकागोच्या लष्करी इस्पितळात, टॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरच्या हातून. आणि त्याचे रोगी होते युद्धात जायबंदी होऊन महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेले सैनिक. अर्थात हे शास्त्र मुळात परतणाऱ्यांसाठीच जन्मले. ज्या वजनाची फक्त दहा आवर्तने जमतील ते वजन ठरवावे, आणि पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊण वजनाने आणि तिसरा पुऱ्या वजनाने काढावा, असा त्याने पुढे दंडक घातला. अमेरिकेतील व्यायामशिक्षकांच्या संस्थांनी २०१९ साली खंडानंतर परतणाऱ्या खेळाडूंसाठी जे नियम एकमताने केले, त्यांचाही सारांश असाच आहे: पहिल्या आठवड्यात नेहमीच्या मेहनतीतून ५० टक्के वजा करावेत, दुसऱ्यात ३०, तिसऱ्यात २०, चौथ्यात १०. पण तो नियम सुटीवरून परतलेल्या तरुण खेळाडूंचा. वर्षानुवर्षे बसून राहिलेल्या गृहस्थाने प्रत्येक पायरीला आठवड्याऐवजी तीन-चार आठवड्यांची मुदत द्यावी, हे शहाणपणाचे.

पहिला महिना आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस. बैठक, जोर, ओढण्याचा एक प्रकार आणि जमिनीवरून वजन उचलण्याचा एक प्रकार, प्रत्येकाचे एक-दोन सेट, आणि अजून तीन-चार आवर्तने सहज निघतील अशा बेताला थांबणे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ज्याचा प्रसार जन्मभर केला तो सूर्यनमस्कार या महिन्यात फार उपयोगी पडतो, कारण त्यात देहाचेच वजन असते आणि खांदे, कंबर, घोटे यांना सर्व अंगांनी वळण मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, स्नायू आग्रह करतील तरी, एकावेळी पाच टक्क्यांहून जास्त वजन वाढवू नये. जुन्या वजनाचा विचार चौथ्या महिन्यानंतर करावा, आणि पन्नाशीपुढील माणसाने तो न केला तरी काही बिघडत नाही. या सर्वांची नोंद वहीत ठेवावी, कारण कागदावरचा कालचा आकडा हाच मनातील दहा वर्षांपूर्वीच्या आकड्याला उत्तम उतारा होय.

शेतात राबणाऱ्यांचा एक आक्षेप येथे नेहमी निघतो: दिवसभर उसाच्या मोळ्या वाहणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धे. शेतकामाने हाताची पकड आणि चिवटपणा टिकतो, आणि असा माणूस परतताना पाळीवाल्यापेक्षा बराच पुढे असतो. तथापि काम देहाला पाहून वाढत नाही, पिकाला पाहून वाढते. एकाच अंगाने वाकून तेच ओझे उचलल्याने कंबर झिजते, वाढत नाही. म्हणून तोडणीच्या हंगामात त्याने मेहनत कमी करावी आणि हंगाम सरल्यावर वाढवावी.

खुराकाविषयी थोडक्यात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला सुमारे ५८ ग्रॅम; वजने उचलणाऱ्यांना सुमारे १.६ ग्रॅमपर्यंत वाढ उपयोगी पडते, असा २०१८ सालच्या एका मोठ्या समीक्षेचा निष्कर्ष आहे. मूत्रपिंडाचा विकार नसेल तर दूध, अंडी, मटकी, हुलगे, हरभरा यांतून ही भर बाजरीच्या भाकरीसोबत सहज पडते. पैलवानकीतील तूप आणि बदाम मात्र वयाला आणि मेहनतीला पाहून आवरावे. सहा महिन्यांत जुनी ताकद आणून देतो अशा बोलीवर जे इंजेक्शन विकले जाते, त्याची किंमत हृदय, यकृत आणि संतती यांच्या रूपाने चुकवावी लागते.

राहता राहिला संस्थांचा प्रश्न. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालचे. परवशतेच्या काळात जन्मलेल्या या पिढीचे लक्ष स्वाभाविकच तरुणांकडे होते, आणि गावच्या तालमीनेही तोच कित्ता गिरविला. तालमीजवळ क्रमाने मेहनत वाढविण्याचे शहाणपण आहे, पण चाळिशीच्या माणसाला तेथे जोडीदार नाही. तालुक्याच्या गावी निघालेल्या जिममध्ये चाळिशीच्या माणसाला जागा आहे, पण दाखल करून घेताना पूर्वी काय केले, कधी सुटले, कोठे दुखते, हे विचारण्याची पद्धत नाही. पहिलीने संध्याकाळचा एक तास प्रौढांना द्यावा आणि दुसरीने प्रवेशाच्या अर्जात तीन रकाने वाढवावेत, एवढ्याने बरेच साधेल. त्यासाठी सरकारी मदतीची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेवटी मुद्दा खंडाचाच. बंदोबस्त लागणार, पाळी बदलणार, गळीत सुरू होणार, घरात लग्नकार्य निघणार. तेव्हा मेहनत पुन्हा कधीच सुटू द्यावयाची नाही ही प्रतिज्ञा मोडण्यासाठीच केली जाते. त्याऐवजी खंड लहान कसा राहील हे पाहावे. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोळा आठवडे मेहनत केलेल्यांना पुढे बत्तीस आठवडे पूर्वीच्या मेहनतीचा एक तृतीयांश किंवा केवळ एक नवमांश भाग दिला गेला. तरुणांचा स्नायू आणि ताकद दोन्ही टिकली, आणि साठीच्या पुढील लोकांचा स्नायू थोडा उतरला तरी ताकद बहुतांशी टिकली. आठवड्यातून एक दिवस, मोजके सेट, पण वजन तेच, एवढा हप्ता बंदोबस्ताच्या मुक्कामावर किंवा रात्रपाळीच्या आठवड्यातही भरता येतो. हा हप्ता ज्याने चुकविला नाही त्याला परतण्याचा प्रश्नच पडत नाही. आणि ज्याने तो आजवर चुकविला, त्याने निम्म्या वजनाने आरंभ करावा, कंडरांना त्यांची मुदत द्यावी, आणि स्नायू आपली जुनी नोंद स्वतःच काढून दाखवतील यावर विश्वास ठेवावा.